सावकाश उमटणारी अक्षरं

उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातून सुटलं आणि घरंगळत दारापर्यंत गेलं. मी ते उचलायला वाकले नाही, कारण वाकायचं कसं तेच त्या क्षणी आठवेना. तव्यावरची पोळी जळाली, धूर झाला, धूर पाहून शेजारीण धावत आली, म्हणून मी आज आहे. पुढचं दवाखान्याचं सांगत नाही. दवाखाने सगळ्यांनी पाहिलेले असतात.

वारं हलकं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं आठवड्यात परत आलं, पाय महिन्याभरात चालू लागला. हात तेवढा मागे राहिला. लग्नाच्या वरातीत एखादं म्हातारं माणूस मागे राहतं तसा. येत होता, पण आपल्या चालीने.

मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो आला, पंधरा दिवस राहिला आणि जायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "आई, आता तू चल."

"नाही."

"एकटी कशी राहशील?"

"तुझे बाबा गेल्यापासून राहतेच आहे."

"तेव्हा हात धड होता."

हे खरं होतं. पण जायचं नव्हतं. माझा जन्म खानदेशातला. रेल्वेत कारकून असलेल्या माणसाशी लग्न झालं आणि उज्जैनला आले. फ्रीगंजमधल्या या माडीवरच्या दोन खोल्यांत सगळा संसार झाला. इथला नळ किती वाजता येतो, भाजीवाला कोणत्या वारी खोटं बोलतो, उन्हाळ्यात कोणत्या खिडकीला पडदा लावायचा, हे सगळं शिकायला मला पन्नास वर्षं लागली. आता दुसऱ्या गावाच्या नळाची वेळ शिकायची माझी इच्छा नव्हती.

मुलगा माझ्यासारखाच हट्टी आहे. पण हिशोबी हट्टी. त्याने एक तोड काढली. घरात त्याचा जुना कॉम्प्युटर होता, भैरवगढच्या छापाच्या चादरीखाली झाकलेला. तो त्याने पुसला, आत काहीतरी नवीन घातलं आणि चालू केला. जुनं होतं ते विकतचं होतं आणि या म्हाताऱ्या मशीनवर आता चालत नव्हतं. नवीन घातलं ते फुकट. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून ते मिळून बनवतात आणि कोणालाही वापरू देतात, असं तो म्हणाला.

"म्हणजे भंडारा," मी म्हटलं.

त्याने जरा विचार केला. "हो. भंडाराच."

मग मला समजलं. भंडाऱ्यात पुरी कोणी लाटली ते कोणी विचारत नाही.

त्याची अट अशी होती. मी रोज एक पान लिहायचं. मराठीत, स्वतःच्या हाताने, कॉम्प्युटरवर. संध्याकाळपर्यंत ते त्याला पाठवायचं. पान येत राहिलं तर हात चालतोय असं समजून तो मला इथे राहू देईल. पान यायचं थांबलं तर तो येईल आणि मला घेऊन जाईल.

"तेव्हा मग वाद घालायचा नाही," तो म्हणाला.

"नाही घालणार."

"शब्द दे."

दिला.

मी चौथी शिकलेली आहे. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरी माझ्या पाठची तीन भावंडं होती, म्हणून चौथीला पूर्णविराम पडला. पण अक्षर चांगलं होतं. मास्तर माझी पाटी वर्गात फिरवायचे. त्यामुळे कीबोर्डावर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावून मुलाने तो माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. अक्षरं सगळी होती, पण कोणी तरी मुद्दाम विस्कटून टाकल्यासारखी. क एकीकडे, म दुसरीकडे, आणि एकेका बटणावर दोन दोन अक्षरं. खालचं हवं असेल तर नुसतं बटण दाबायचं. वरचं हवं असेल तर आधी शिफ्टचं बटण दाबून धरायचं आणि मग ते.

मराठीला शिफ्ट फार लागतं. घर म्हटलं की शिफ्ट, भात म्हटलं की शिफ्ट, आई म्हटलं तर दोनदा शिफ्ट. ण आणि ळ तर आपल्याकडे पावलापावलावर. उजवा हात तेव्हा नुसता मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा होता. मग मी सगळं डाव्याने करायची. आधी अक्षर शोधून ठेवायची, मग डाव्याच्याच दोन बोटांनी शिफ्ट आणि ते अक्षर एकदम दाबायची. पहिलं पान लिहायला दुपार गेली. त्यात काय होतं? नळाला पाणी आलं, दुधीची भाजी केली, कबुतराने गॅलरीत घाण केली. मुलाने उत्तर पाठवलं, "मिळालं." मला समाधान वाटलं, जसं दळण आल्यावर वाटतं.

जाताना त्याने आणखी एक शिकवून ठेवलं होतं. मध्येच कधी इंग्रजी अक्षरांची चौकट आली तर घाबरायचं नाही, कोपऱ्यातल्या फुलीवर दाबायचं, ती जाते. मी तसं करायची. इंग्रजी मला येत नाही. फुली येते.

मी लिहायला दुपारी दोननंतर बसायची. त्या वेळी आमचा मोहल्ला झोपतो. टावर चौकाकडून येणारा आवाजही मऊ होतो, गाद्यांच्या आतून आल्यासारखा. खिडकीच्या पडद्यातून पिवळा उजेड खोलीत पडायचा आणि पंख्याच्या वाऱ्याने तो उजेडच हलतोय असं वाटायचं. मी अक्षर दाबायची, ते पांढऱ्यावर उमटायचं, मग पुढचं. दोन शब्दांच्या मध्ये माझा मुक्काम वाढत गेला. 'विहीर' लिहिलं की मी विहिरीपाशी जायची. माहेरच्या मळ्यातली, आत पायऱ्या असलेली. पायऱ्यांवर हिरवं मखमलीसारखं शेवाळ, आणि सर्वांत खाली आभाळाचा एक तुकडा. तिथून परत यायला वेळ लागायचा. परत यायची तेव्हा पडद्यावरचा उजेड सरकलेला असायचा आणि 'विहीर' शब्दापुढे ती उभी रेघ लुकलुकत माझी वाट पाहत असायची.

पावसाळा सरता सरता उजवा हात कामाला लागला. पेला उचलायचा, वरण ढवळायचा. लिहिताना त्यालाही काही काम द्यावं म्हणून मी त्याला शिफ्ट दिलं. उजवीकडेही एक शिफ्ट असतं. त्यावर उजवी करंगळी ठेवायची, दाबून, आणि त्याला सांगायचं, इथेच बस, हलू नकोस. मग डाव्याने अक्षर शोधायचं. नव्या सुनेला चुलीपाशी बसवून दूध उतू जातंय का एवढंच बघ सांगतात, तसं. तो बसून राहायचा. मला त्याचं कौतुक वाटलं. पानं भरभर होऊ लागली.

आणि मग एका दुपारी अक्षरं यायची थांबली.

मी त दाबला, त आला नाही. पुन्हा दाबला, नाही. तिसऱ्यांदा चिडून दाबला आणि बोट तसंच ठेवलं, तेव्हा आला. पाण्याखालून वर आल्यासारखा, सावकाश. पुढचं अक्षर तसंच. नुसतं टेकवलं तर काही नाही. दाबून धरलं, जीव मुठीत धरतात तसं धरलं, तर येणार.

मी हात मांडीवर घेऊन बसले. माझ्या डोक्यात काय आलं ते सरळ सांगते. बटण आहे, दाबलं तर चालणार, नाही चाललं तर दाबणारं बोट कमजोर. यात दुसरं काही असेल असं मला सुचलंच नाही. आणि वाईट हे, की अक्षरं मी डाव्या हाताने दाबत होते. धडधाकट होता तो हात. म्हणजे वारं आता डावीकडे वळलं.

दुसऱ्या दिवशी सगळं ठीक होतं. अक्षरं टपटप पडली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोन पानं पाठवली. तिसऱ्या दिवशी मधूनच पुन्हा बंद. असं महिनाभर चाललं. कधी अर्धं पान धड, अर्धं बुडालेलं. आजारही असाच असतो, येतो, जातो, बघून जातो. त्यामुळे माझी खात्रीच झाली.

पान तर पाठवायचं होतं. म्हणून मी एकेक अक्षर धरून धरून लिहायची. एक अक्षर धरायचं, ते वर येईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात दुपार पार ताणली जायची. पाकाची तार धरावी आणि ती तुटूच नये, लांबतच जावी, तशी. कधी मला वाटायचं मी खोलीत नाहीच, त्या पांढऱ्या पडद्याच्या मागे आहे आणि तिथून अक्षरं एकेक करून वर ढकलते आहे. सांगायला लाज वाटते, पण ते वाईट वाटत नव्हतं. भीती होतीच, पण भीतीच्या खाली मऊ काहीतरी होतं, गाळासारखं, पाय रुतेल असं. जेवढं सावकाश लिहावं लागे तेवढं मला जास्त आठवे. आईच्या हातावरचं गोंदण आठवलं. त्यातला एक ठिपका बाकीच्यांपासून दूर पडला होता, ते आठवलं.

पण पानं लहान झाली. मुलाचा फोन आला.

"आई, आज चारच ओळी?"

"सांगण्यासारखं काही घडलं नाही."

"काल पाच होत्या."

"काल पण घडलं नाही."

"हात कसा आहे?"

"हातासारखा."

तो हसला नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

कोणाला दाखवावं, असं एकदाही मनात आलं नाही, असं नाही. आलं. टावर चौकात कॉम्प्युटर दुरुस्तीची दुकानं आहेत. पण तो माणूस येणार, बटण दाबणार, आणि अक्षर टपकन उमटणार. मग तो माझ्याकडे बघणार. ते बघणं मला नको होतं. घरात मी हाताची परीक्षा घेत होते. बादली उचलली जायची, कणीक मळली जायची, पण मी म्हणायची, ते खांद्याचं बळ. एकदा चमचा पडला. चमचे सगळ्यांच्या हातून पडतात, पण मी तो पडलेला चमचा दिवसभर मनात वाजवत बसले.

शेवटी जे नको होतं ते घडलंच, आणि तेही शेजारणीमुळे. ती माळव्यातली, माहेर भैरवगढचं. तिच्या माहेरी कापडावर ठप्पे मारायचं काम पिढ्यानपिढ्या, आणि लग्नाआधी तिनेही पुष्कळ वर्षं केलेलं. एका दुपारी ती कढी घेऊन आली. मी एका अक्षरावर बोट धरून बसलेली.

"काकी, ये क्या कर रिये हो? मच्छर मारा क्या?"

"लिहितेय."

"ऐसे? एक घंटे में एक अक्षर? इससे जल्दी तो मेरी सास मंदिर की सीढ़ी चढ़ती थी।"

"बटन दबता नहीं मुझसे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

तिने कढीचं पातेलं खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि विचारलं, "मैं दबाऊं?"

नको म्हणायच्या आत तिने अंगठा टेकवला. तिचा अंगठा रुंद, नखाच्या कडेला अजून काळपट. टेकवला, कापडावर ठप्पा मारावा तसा वरून जोर दिला आणि लगेच उचलला नाही. ठेवला. क आला. पाठोपाठ आणखी एक क आला.

"लो। ये तो मेरे को पेचानता है।" ती खूश झाली. शेजारचं बटण दाबलं. तेही आलं. "काकी, तुम्हारे हाथ में दम नी रिया। कढ़ी पियो।"

ती चेष्टेत म्हणाली. तिला अटीचं काही माहीत नव्हतं. मी कढी प्यायले. चांगली झाली होती. ती गेल्यावर मी मुलाला फोन लावला आणि म्हटलं, "उद्यापासून पान येणार नाही. ये."

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज बंद केला. मग तो म्हणाला, "उजवा?"

"दोन्ही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर नंतर. तू ये. मी शब्द दिलाय."

तो म्हणाला, परवा निघतो. मग म्हणाला, "आई, बरं केलंस सांगितलंस ते." त्याच्या आवाजात काळजी होती, आणि काळजीच्या खाली आणखी काही होतं, जे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी त्यांत अर्धीच होते. डबे रिकामे केले. लोणच्याची बरणी शेजारणीला दिली. ती रडायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, लोणचं खारट आहे, आणखी पाणी घालू नकोस. दुपारी एकटीच टावर चौकापर्यंत चालत गेले. काही आणायचं नव्हतं. ऊन होतं, पण तापत नव्हतं. दुकानांच्या पाट्या, पोह्यांच्या गाड्या, स्कूटरी, सगळं कोणी तरी पाण्यात धरून ठेवल्यासारखं. माणसं माझ्या बाजूने जात होती आणि कोणाचा धक्का लागत नव्हता. मी टावरच्या खाली थोडी बसले. मला वाटलं मी आधीच गेलेली आहे, आणि हे गाव आता माझ्याशिवाय कसं चालतं ते बघायला आले आहे. चांगलं चाललं होतं.

मुलगा सकाळच्या गाडीने आला. दोन तिकिटं परतीची काढूनच आला होता. चहा पिता पिता सांगू लागला, तुझ्या खोलीला फिकट रंग दिलाय, खिडकी पूर्वेची आहे, न्हाणीघरात भिंतीला स्टीलची दांडी बसवून घेतली आहे, धरायला. सूनबाईने पडदे शिवलेत. मी हं हं करत होते. तो इतका बोलत नाही कधी.

जेवणानंतर तो कॉम्प्युटरपुढे बसला. त्यात त्याच्या बाबांचे फोटो होते, ते त्याला काढून घ्यायचे होते, मग मशीन शेजारणीच्या नातवंडांना द्यायचं ठरलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटं पुसत उभी. फोटोंचा कप्पा उघडायला त्याचा एक परवलीचा शब्द टाकावा लागतो. त्याने टाकला. दोन्ही हातांनी, तबलजीसारखा. पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा टाकला. काही नाही.

"कीबोर्ड गेलाय," तो म्हणाला. त्याने तो उलटा केला आणि आपटला. त्यातून शेव पडली. "आई, किती शेव खाल्लीस यावर?"

"रोजची थोडी."

फुंकर मारली, वायर काढून घातली, काही नाही. मग तो उठून गेला आणि अर्ध्या तासात टावर चौकातून नवा कीबोर्ड घेऊन आला. लावला. दोन्ही हातांनी टाकलं. काही नाही.

मी ताट खाली ठेवलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे ते हात, त्यांना कधी वारं लागलं नाही, ते धावत होते आणि पडदा कोरडाच.

"दाबून ठेव," मी म्हटलं.

"काय?"

"बटण दाबून धर. घाई करू नकोस. मग येतं."

त्याने एक बटण दाबलं आणि धरलं. एक ठिपका उमटला. तो हळूच माझ्याकडे वळला.

"तुला कसं माहीत?"

"महिनाभर मी तसंच लिहितेय."

"महिनाभर?" तो म्हणाला. "आणि मला म्हणालीस हात गेले."

"मला वाटलं गेले."

 एकेक बटण धरून त्याने तो शब्द पुरा केला, आत गेला, आणि मग फोनवर काहीतरी वाचत, पडद्यावर काहीतरी उघडत बसला. मला वाटलं होतं मशीन खोलेल, पेचकस मागेल. तसलं काही नाही. वरच्या पट्टीत हात पसरलेल्या माणसाचं एक छोटं चित्र होतं. ते मी रोज पाहत होते, ते माझ्यासाठीच आहे हे माहीत नव्हतं. त्याने त्यावर दाबलं, एक यादी उघडली, त्यातलं एक चालू होतं ते बंद केलं. मग बोटं टेकवली. अक्षरं धावत सुटली.

"ही सोय आहे," तो म्हणाला. "ज्यांचे हात थरथरतात ना, त्यांची बोटं नको तिथे लागतात. म्हणून ही चालू केली की नुसतं लागलेलं बटण घेतलं जात नाही. थोडा वेळ धरलेलंच घेतलं जातं. पण चालू कोणी केली?"

"घरात मी एकटी. भुतं येत नाहीत."

"तू कुठे गेली होतीस का त्या यादीत?"

"मला ती यादी आहे हेच आत्ता कळलं."

"मग बस. लिही काहीतरी. मी बघतो."

मी बसले. माझा चिकटपट्ट्यांचा जुना कीबोर्ड परत जोडून तो मागे उभा राहिला. त्याच्या लहानपणी मी पाठीमागे अशीच उभी राहायची, तो पाढे म्हणताना. मी लिहिलं, मुलगा आला. छान आलं. भात आणि आमटी केली. तेही आलं. डावा हात हलका होता, काही म्हणजे काही झालेलं नव्हतं त्याला. पुढे काय लिहावं? मी थांबले. उजवी करंगळी आपल्या जागी, शिफ्टवर. खिडकीतून उजेड येत होता. त्या उजेडात धुळीचे कण इतके सावकाश फिरत होते की एकेकाला नाव ठेवता आलं असतं. त्याचे बाबा ड्यूटीवरून दुपारी घरी यायचे, तेव्हा चपला दाराबाहेर काढायचे आणि एक पाय दुसऱ्यावर घासायचे, तो आवाज...

पडद्यावर इंग्रजी चौकट आली. मी फुलीवर दाबलं, ती गेली.

"थांब," मुलगा म्हणाला. "आत्ता काय घालवलंस?"

"ती चौकट. तूच सांगितलंस घालवायला."

"ही नेहमी येते?"

"येते अधूनमधून."

त्याने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "तुझा उजवा हात कुठे आहे?"

"शिफ्टवर."

"किती वेळ?"

"पुढचं सुचेपर्यंत."

तो खाली बसला, जमिनीवरच, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग त्याने समजावलं. शिफ्टचं बटण आठ सेकंद तसंच दाबून ठेवलं की कॉम्प्युटरला वाटतं, या माणसाला हातांचा त्रास असावा, आणि तो ती सोय आपणहून चालू करतो. चौकटीत तेच सांगत असतो, की चालू केलीय, नको असेल तर बंद करा. मी चौकट घालवायची आणि सोय तशीच राहायची. पुन्हा कधी शिफ्ट धरून विचारात गेले, की ती बंद व्हायची.

मी ते सगळं मनात लावून पाहिलं. हात अगदी अधू होता तेव्हा हे कधी झालं नव्हतं. त्याला आठ सेकंद काय, एक सेकंद बटण धरता येत नव्हतं. हात सुधारला, जागेवर बसून राहायला शिकला, त्या दिवसापासून अक्षरं बुडाली. कुठे तरी कोणी तरी, माझ्यासारखीच्या हातांचा विचार करून हे बनवून ठेवलं होतं. त्याचं भलं होवो. पण मला विचारायला हवं होतं. विचारलं होतं म्हणा, इंग्रजीत.

"आणि इतका वेळ तू काय विचार करतेस?" मुलाने विचारलं.

"पान भरायचं असतं. विचार नको करायला?"

त्याने हात पुढे केला. "माझी बोटं दाब. उजव्याने."

दाबली.

"आता डाव्याने."

दाबली.

"पुरे," तो म्हणाला. "पुरे, आई. दुखतंय."

मी सोडली. त्याने आपली बोटं झटकली, आणि मग तो तसाच बसून राहिला, पाठ कपाटाला टेकून. त्याच्या चेहऱ्यावर मोकळेपणा यायला हवा होता. आला, पण थोडाच. तेव्हा मला फोनवरच्या आवाजातलं ते खालचं कळलं. त्याने खोली रंगवली होती. हात गेला ही वाईट बातमी होती, पण आई येतेय ही त्याच बातमीत आलेली दुसरी होती, आणि ती त्याला आवडली होती. मी त्याच्याकडून दोन्ही एकदम काढून घेतल्या.

अशा वेळी मऊ बोलणाऱ्या बायका असतात. मी तशी नाही.

"मी येत नाही," मी म्हटलं. "अट तुझीच होती."

"माहीत आहे."

"दिवाळीला येईन. पंधरा दिवस."

"महिना."

"पंधरा दिवस. पडदे कसे शिवलेत ते बघायला."

तो जमिनीवरच्या शेवेकडे वळला. मग एकेक कण उचलून तळहातावर गोळा करू लागला. बाहेर मोहल्ला जागा होत होता, कोणी तरी शटर वर सारलं, कुकरची शिट्टी झाली. त्याने खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझं तिकीट रद्द केलं. माझंच, हे मी दोनदा विचारून घेतलं.

"त्या दांडीचं काय करू?" तो म्हणाला. "भिंतीत भोकं पाडलीत."

"राहू दे. तुझे गुडघे काय जन्मभर टिकणार आहेत?"

तो हसला, आणि उठताना खरोखरच कपाटाला धरून उठला.